बातिगोल : फियोरेंटिनाचा बातिस्तुता

आज गॅब्रिएल बातिस्तुताबद्दल लिहायचंय. अर्जेंटिनाचा, जन्म १९६९ चा, लहानपण सांता फे प्रांतातल्या रेकोन्किस्ता गावात. न्यूवेल्स, रिव्हर प्लेट, बोका असा प्रवास करत १९९१ ची कोपा अमेरिका गाजवली आणि लगेच इटलीत फियोरेंटिनाने त्याला उचललं.

१९९३ ला फियोरेंटिना चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरली. इतक्या मोठ्या स्ट्रायकरला क्लब बदलणं काय अवघड होतं! पठ्ठ्या थांबला, संघ वर्षभरात परत वर आला आणि १९९४-९५ मध्ये त्याने पहिल्या सलग ११ सामन्यांत गोल केले. मोसमाचे एकूण २६. तेव्हाची सेरी आ म्हणजे बचावपटूंची लीग, त्यामुळे या २६ ची किंमत मला आजच्या ४० एवढी वाटते.

तंत्र साधं : वळायचं आणि ठोकायचं. नजाकत शोधणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

१९९४ ला ग्रीसविरुद्ध, १९९८ ला जमैकाविरुद्ध हॅटट्रिक. दोन वेगवेगळ्या वर्ल्डकपमध्ये हॅटट्रिक मारणारा हा पहिलाच. वर्ल्डकप मात्र कधी हाती लागला नाही.

सेरी आचं विजेतेपद शेवटी २००१ मध्ये मिळालं, तेही रोमाकडून. त्याच मोसमात फियोरेंटिनाविरुद्ध विजयी गोल केला आणि जल्लोष सोडून बाबा रडला!

घोट्यांची पार वाट लागली होती. निवृत्तीनंतर वेदना इतक्या, की डॉक्टरांना 'पाय कापून टाका' म्हणाल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय. अर्जेंटिनासाठी सर्वाधिक गोलांचा त्याचा विक्रम २०१६ मध्ये मोडला. कोणी, ते सांगायला नकोच.