मोज्यांचा रोजमेळ

व्यापारी घरात ‘मेळ’ हा शब्द मुलांच्या कानी फार लवकर पडतो. दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ बसलाच पाहिजे, ही शिस्त वाडवडिलांपासून चालत आली आहे. पेटीतील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत एका रुपयाचा फरक आला, तरी तो शोधल्याखेरीज दिवा मालवला जात नसे. घरात आणखी एक मेळ दर आठवड्याला घातला जातो; त्याकडे मात्र कर्त्या पुरुषांचे लक्ष सहसा जात नाही. धुण्याच्या दिवशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर येतो. साड्या, सदरे, चादरी यांच्या घड्या भराभर होतात आणि तळाशी उरतात ते मोजे. मोजे घालणारी पाच माणसे व आठवड्याचे सहा दिवस धरले, तर तीस जोड, म्हणजे साठ नग झाले. हा हिशेब लहान म्हणता येणार नाही.

माझी हयात बँकेत गेली. संगणक येण्यापूर्वी एका शाखेने काढलेला ड्राफ्ट दुसऱ्या शाखेत वटला की दोन ठिकाणी दोन नोंदी होत. त्या दोन नोंदींची गाठ घालून देणे हे एका स्वतंत्र विभागाचे काम असे. जोडीदार न सापडलेली नोंद तशीच उभी राही आणि तपासणीस पहिला प्रश्न विचारीत, “ही नोंद किती दिवसांची?” कारण फरक जितका जुना, तितका तो सापडणे अवघड. 1494 साली व्हेनिस येथे लुका पाचोली यांच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापले गेले. त्या पद्धतीचे सारही हेच आहे, की प्रत्येक नोंदीला तिचा जोडीदार असलाच पाहिजे.

मोज्यांच्या बाबतीत हा जोडीदार इतका वारंवार का दुरावतो? दहा निरनिराळे जोड घ्या. एक मोजा हरवला की नऊ जोड आणि एक सुटा उरतो. आता दुसरा हरवायचा झाला, तर उरलेल्या एकोणीस मोज्यांत सुटा एकच आहे. बाकीचे अठरा जोडीत आहेत. म्हणजे एकोणीस शक्यतांपैकी अठरा शक्यता नवी जोडी मोडण्याच्या. दोन मोजे गेले की बहुधा दोन जोड निकामी होतात. यात घरच्या माणसाचा निष्काळजीपणा नाही. गणितच तसे आहे.

या गणितावरचा उपाय व्यापाऱ्याला सांगावा लागू नये. माल एकजिनसी ठेवावा. प्रत्येकासाठी एकाच रंगाचे, एकाच विणीचे सहा जोड एकदम घेतले, तर बारांपैकी कोणतेही दोन जुळतात आणि दोन हरवले तरी पाच जोड पूर्ण राहतात. दोन भावांचे शाळेचे पांढरे मोजे सारखेच दिसत असतील, तर वरच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूने रंगीत दोऱ्याचा एक टाका घालावा. थोरल्याचा लाल, धाकट्याचा हिरवा. मालाच्या गठ्ठ्यावर आपण खूण करतो, तशीच ही खूण.

सुटा मोजा मिळाला की तो हरवला असे लगेच समजू नये. बँकेतील बहुतेक फरक पैसे नाहीसे झाल्याने येत नसत. रक्कम भलत्याच खात्यात जमा झालेली असे. मोज्याचेही तसेच. धुलाईयंत्राच्या दारातील रबरी वळीत, रजईच्या खोळीच्या कोपऱ्यात, सदऱ्याच्या बाहीत, नाहीतर खेळाच्या बुटात तो सापडतो. तरीही न सापडल्यास सुट्या मोज्यांसाठी एक कापडी पिशवी ठेवावी. बँकेच्या भाषेत हे सस्पेन्स खाते. दर तिमाहीस ते तपासून निकाली काढावे. जोडीदार न मिळालेला मोजा पंख्याची पाती पुसण्यास किंवा बुटांना चकाकी आणण्यास उत्तम. दिवाळीत नवी वही उघडताना ही पिशवी रिकामी असावी.

इतके झाले तरी या कामाचे खरे महत्त्व राहतेच. वही वाचणाऱ्याला व्यापाराची प्रकृती कळते, तशी मोजे जुळवणाऱ्याला घराची प्रकृती कळते.

आमच्या घरी हे काम सौभाग्यवती करीत असे. काही वर्षांपूर्वी ती प्रत्येक गडद मोजा खिडकीपाशी नेऊ लागली. “अहो, हा काळा की निळा?” असे विचारू लागली. एकदा आमचा मुलगा एका पायात काळा व दुसऱ्यात निळा मोजा घालून दुकानी गेला आणि घरात हशा झाला. सूनबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “आईंचे डोळे दाखवून घेऊ या.” तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होत जाते व पुष्कळदा पिवळसरही होते. असे भिंग निळा प्रकाश अडवते, म्हणून गडद निळा रंग काळाच भासतो. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली, तेव्हा खिडकीतले आकाश इतके निळे असते याचेच तिला नवल वाटले. तिच्या विश्रांतीच्या काळात हे काम माझ्याकडे आले आणि पुढे माझ्याकडेच राहिले.

तेव्हापासून मी मोजे केवळ जुळवीत नाही, वाचतो. मुलाच्या मोज्याला अंगठ्यापाशी वारंवार भोक पडत असेल, तर त्याचा बूट आखूड झाला आहे का ते पाहावे. मुले आपण होऊन सांगत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या मोज्याची वरची पट्टी कात्रीने कापलेली दिसली, तर पायाला सूज येते का ते विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांच्या मोज्यांकडे तर विशेष लक्ष हवे. पायाची संवेदना कमी झाल्याने लहानशी जखम त्यांना जाणवत नाही. म्हणून त्यांचे मोजे फिक्या रंगाचे, सैल पट्टीचे, आत जाड शिवण नसलेले असावेत. रक्ताचा वा पाण्याचा बारीक डाग पांढऱ्या मोज्यावर लगेच दिसतो, काळ्यावर लपतो. हे मोजे धुण्यापूर्वीच पाहावेत, कारण धुतल्यावर पुरावा जातो.

म्हणून हे काम एकट्या गृहिणीवर सोडू नये. दिवसभर दुकानात बसणाऱ्याने आठवड्यातून पंधरा मिनिटे या ढिगाशी बसावे. नातवंडांना सोबत घ्यावे. आकार, रंग, वीण पाहून जोडी लावताना चार वर्षांचे मूल वर्गीकरणाचा पहिला धडा गिरवते. थोरांना कळते ते निराळेच: कोणाच्या पायाला काय होते आहे, कोणाची नजर मंदावली आहे, कोण न बोलता काय सोसत आहे. रोकड रोज मोजणाऱ्या घराने हा मेळही आठवड्यातून एकदा घालावा.