मागच्या आसनावरचे स्वातंत्र्य

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक किमती मोटार पालघर जिल्ह्यातील चारोटीनजीक सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर आदळली. मोटारीत चौघेजण होते. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मात्र प्राणास मुकले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी प्राथमिक चौकशीनंतर सांगितले. दोनच दिवसांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या आसनावरील प्रवाशांकडूनही दंड वसूल केला जाईल, असे जाहीर केले. आणि जणू काही नवाच कायदा जन्मास येत आहे, अशा थाटात देशभर चर्चा सुरू झाली.

वस्तुतः कायदा नवा नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३८ व्या नियमात चालक, त्याच्या शेजारी बसणारा आणि पुढे तोंड करून मागे बसणारे या सर्वांनी, जेथे पट्टे बसविलेले असतील तेथे, ते वापरावेत असे स्पष्ट म्हटलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १९४ ब हे कलम घातले आणि दंड एक हजार रुपये ठरविला. म्हणजे चारोटीचा अपघात झाला तेव्हा नियम होता, दंडही होता. नव्हती ती फक्त तो कोणी पाळावा अशी अपेक्षा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे मोटारीच्या मागच्या आसनावर असतानाच अपघातात गेले, तेव्हाही महाराष्ट्राने हीच हळहळ आणि हीच चर्चा अनुभवली होती. आठ वर्षांत आपण ती विसरलो.

तेव्हा प्रश्न कायदा करावा की नाही एवढाच नाही. असा कायदा करण्याचा आणि तो सक्तीने राबविण्याचा नैतिक अधिकार शासनाला आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही, कारण विरोधकांचा युक्तिवाद दिसतो तितका उथळ नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडलेले तत्त्व असे, की एखाद्या प्रौढ माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालविण्याचे समर्थन केवळ इतरांची हानी टाळण्यासाठीच करता येते. त्याचे स्वतःचे हित हे त्यास पुरेसे कारण नव्हे. पट्टा न लावणारा मनुष्य स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. मग पोलिसाने त्याला का अडवावे? पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात जी आंदोलने वेळोवेळी झाली, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता, मग आंदोलकांनी मिल वाचलेला असो वा नसो.

या युक्तिवादाचे उत्तर मिलच्याच कसोटीवर देता येते, आणि ते मागच्या आसनाच्या बाबतीत अधिक चोख देता येते, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत फारशी आली नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी थांबली, तर तीत बसलेला मनुष्य थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणाऱ्या माणसाच्या जमिनीवर आदळतानाच्या वेगाइतका असतो. मागे बसलेल्याच्या पुढे काय असते? पुढचे आसन, आणि त्यावर बसलेला मनुष्य. जपानमधील अपघातांच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मागचा प्रवासी पट्ट्याविना असेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात आढळले. नियम पाळणाऱ्याचा जीव न पाळणाऱ्याच्या हाती जातो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याने नदीत सोडलेल्या सांडपाण्याचे जे, तेच या न बांधलेल्या देहाचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना ही संकल्पना समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शिवाय हानी मोटारीपुरती थांबत नाही. चारोटीच्या अपघातातील जखमींना आधी वापीला आणि नंतर मुंबईला हलवावे लागले. ज्यांच्यापाशी साधने होती त्यांची ही कथा. या जिल्ह्यातील सामान्य कामगार महामार्गावर जबर जखमी झाला, म्हणजे त्याच्या नातलगांना वापी, सिल्वासा किंवा मुंबई हे तीनच पर्याय दिसू लागतात, आणि पुढील काही वर्षांचे घरचे अंदाजपत्रक रुग्णालयाच्या दारात संपते. कुटुंबातील कर्ता गेला, की मुलीचे महाविद्यालय सुटते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावरून अशी नावे अधूनमधून गळत असतात.

आता अर्थशास्त्रज्ञांच्या एका प्रसिद्ध आक्षेपाचा विचार करू. शिकागो विद्यापीठाच्या सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले, की सुरक्षिततेची साधने सक्तीची केली म्हणजे चालक अधिक निर्धास्तपणे, अधिक वेगाने गाडी हाकतो. आत बसलेल्यांचा जो लाभ होतो तो पादचाऱ्यांच्या हानीने फिटतो. हा विचार बुद्धीला डिवचणारा आहे, आणि मनुष्यस्वभावाच्या जाणकारीने केलेला आहे. परंतु पुढे अल्मा कोहेन आणि लिरान आयनाव्ह यांनी २००३ साली अमेरिकी राज्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा पट्ट्याच्या सक्तीमुळे मृत्यू घटल्याचे दिसले. निर्धास्तपणामुळे इतरांची हानी वाढल्याचा म्हणावा तसा पुरावा मिळाला नाही. आणि मागच्या आसनाला तर हा आक्षेप लागूच पडत नाही. तेथे बसलेल्याच्या हाती सुकाणू नसते; तो पट्टा बांधून निर्धास्त झाला तरी फार तर झोपी जाईल.

आकडेवारीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. त्यांत ८,३३१ प्रवासी होते. पट्टा असता तर हे सारे वाचले असते, असा निष्कर्ष वर्तमानपत्रे सर्रास काढतात. तो चुकीचा आहे. पट्टा मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी करतो, नाहीसा करीत नाही. पण निम्म्याहून कमी जरी धरले, तरी उरणारी संख्या कोणत्याही शासनाने हात जोडून पाहत बसावे अशी नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली ही सक्ती प्रथम केली. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांना ती १९८३ मध्ये आणि मागे बसणाऱ्या प्रौढांना १९९१ मध्ये लागू झाली. तेथेही स्वातंत्र्याच्या नावाने वर्षानुवर्षे वाद झाले, आणि नंतर लोक पट्टा लावू लागले.

आपल्याकडे लोक का लावत नाहीत? अज्ञान हे कारण मला पटत नाही. पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा बंद करण्यासाठी एक छोटीशी खोटी क्लिप बाजारात मिळत असे. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकण्यास मनाई केली, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. जीव वाचविणारी घंटा विकत घ्यायची आणि ती गप्प करण्यासाठी आणखी पैसे मोजायचे, हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. हे धोका आपल्याला नाही, शेजाऱ्याला आहे असे मानण्याचे लक्षण आहे. गॅरी बेकर यांनी १९६८ साली दाखविल्याप्रमाणे दंडाचा धाक हा रकमेवर जितका अवलंबून, तितकाच पकडले जाण्याच्या संभवावर. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना सक्ती जाहीर केली. मुंबईच्या चौकाचौकांत तो संभव निदान शून्य नाही. मनोर आणि चारोटीच्या दरम्यान, जेथे वेग सर्वाधिक, तेथे तो जवळजवळ शून्य आहे. हजाराचे पाच हजार केल्याने शून्याचा गुणाकार बदलत नाही.

तथापि या विषयावर वर्गात बोलत असताना विक्रमगडकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, “सर, आमच्या जीपमध्ये बेल्ट कुठे आहे?” वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बोईसर स्थानकाबाहेर पहाटेपासून भरणाऱ्या टमटम, औद्योगिक वसाहतीत पाळीच्या वेळी कामगार उतरविणाऱ्या जीपगाड्या, पालघर-मनोर मार्गावर दरवाजाला लोंबकळत जाणारी मुले यांच्यासाठी १९४ ब हे कलम जणू लिहिलेलेच नाही. जेथे दहांच्या जागी सोळा बसतात तेथे पट्टा कोणाला बांधणार? ज्यांच्यासाठी पट्टा आहे त्यांची संख्या या जिल्ह्यात थोडी, आणि ज्यांच्यासाठी काहीच नाही त्यांची फार मोठी. दुचाकीस्वारांचा हिशेबही असाच आहे: २०२२ साली हेल्मेटविना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, म्हणजे पट्ट्याविना मेलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट. एक उद्योगपती गेला म्हणून देशाला जाग आली हे वाईट नाही; परंतु ती जाग किमती मोटारीच्या मागच्या आसनापाशीच थांबली, तर तिला लोकहित म्हणता येणार नाही. सकाळी सात ते दहा या वेळेत एसटीच्या पुरेशा फेऱ्या असत्या, तर जीपमध्ये सोळावा माणूस बसला नसता. तो हौसेने बसत नाही.

मी सक्तीच्या बाजूचा आहे, मागच्या आसनासह. पण सक्ती एकतर्फी असू नये. चारोटीच्या पुलाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो आणि पुलाचा कठडा रस्त्यात पुढे आलेला होता, असे अपघातानंतर तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी नमूद केले. घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या टप्प्यात त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत २६२ अपघात आणि निदान ६२ मृत्यू झाल्याचे पोलिसांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले होते. इतक्या अपघातांमागे केवळ न बांधलेले पट्टे असू शकत नाहीत.

आणि येथे कायदा गप्प आहे असेही नाही. ज्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आणले, तिनेच १९८ अ हेही आणले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल यांत ठरलेल्या मानकांचे पालन न झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरणास, कंत्राटदारास किंवा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड त्या कलमान्वये होऊ शकतो. त्याच अधिनियमाच्या २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. या समितीने महामार्गावरील प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या दोन नोंदी जाहीर कराव्यात, अशी मागणी पालघरच्या नागरिकांनी करावयास हरकत नाही: मृताने पट्टा लावला होता काय, ही एक, आणि त्या जागी रस्ता, कठडा व सूचनाफलक मानकांप्रमाणे होते काय, ही दुसरी. पहिली नोंद पोलीस आजही पंचनाम्यात घेऊ शकतात. दुसरीसाठी महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्याला चोवीस तासांच्या आत जागेवर यावे लागेल.