प्रयोगसंकर
मराठी वाक्यातील क्रियापदाची कर्त्याशी वा कर्माशी जी अन्विती असते, तिला प्रयोग म्हणतात. एकच क्रियापद एकाच वेळी दोन प्रयोगांची लक्षणे धारण करते, तेव्हा त्यास प्रयोगसंकर किंवा संकीर्ण प्रयोग ही संज्ञा देतात. कर्तृ-कर्मसंकर हा त्याचा सर्वांत रूढ प्रकार होय.

‘तू आंबा खाल्लास, भाकरी खाल्लीस, केळे खाल्लेस’ या वाक्यांत ‘खाल्ला-खाल्ली-खाल्ले’ हा पालट कर्माच्या लिंगानुसार होतो. अंती येणारा ‘स’ मात्र द्वितीय पुरुषी कर्त्याचा निदर्शक आहे. कर्ता अनेकवचनी वा आदरार्थी असल्यास त्या जागी ‘त’ येतो (‘तुम्ही भाकरी खाल्लीत’). कर्ता व कर्म दोन्ही पुल्लिंगी असल्यास ही दुहेरी अन्विती सहज लक्षात येत नाही. कर्जत तालुक्यातील कोथळीगडाविषयी पुरुषास उद्देशून ‘तू कोथळीगड चढलास’ आणि ‘तू कोथळीगड पाहिलास’ असे म्हटले, तर दोन्ही क्रियापदे सारखीच दिसतात. स्त्रीस उद्देशून मात्र ‘चढलीस’, पण ‘पाहिलास’ असेच म्हणावे लागते. कारण ‘चढणे’ भूतकाळातही कर्तरी राहते, तर ‘पाहणे’ कर्माच्या लिंगवचनास अनुसरते. खालापूरकडील इर्शाळगड घेतला, तरी हेच घडेल.

याचे मूळ इतिहासात आहे. मराठीचा ‘ला’-भूतकाळ संस्कृतातील कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितापासून (‘तेन ग्रन्थः पठितः’) आलेल्या रचनेचा वारस आहे. असे धातुसाधित विशेषणासारखे असल्याने त्यास लिंग व वचन असते, पुरुष नसतो. जुन्या मराठीत ‘मियां’, ‘तुवां’ ही तृतीयेची रूपे कर्त्याचे काम करीत. पुढे त्यांच्या जागी ‘मी’, ‘तू’ आले, कर्ता प्रथमान्त दिसू लागला आणि ‘तू आलास’ यासारख्या कर्तरी रूपांतील ‘स’ सादृश्याने येथेही जोडला गेला असावा. त्याची उपयुक्तता उघड आहे : कर्ता न उच्चारताही ‘पत्र लिहिलेस?’ या प्रश्नाचा रोख कळतो. हिंदीतील ‘तूने रोटी खाई’ या रचनेत पुरुषवाचक प्रत्यय नाही; इंग्रजी क्रियापद तर कर्माची दखलच घेत नाही.

कर्म-भावसंकर (‘त्याने मुलीला शाळेत घातली’) व कर्तृ-भावसंकर (‘तू कर्जतला जायचे होतेस’) हे अन्य प्रकार तुलनेने विरळ आहेत.

मो. के. दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात प्रयोगविचाराचा सविस्तर ऊहापोह आढळतो. ‘संकर’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. त्यातून भेसळ सूचित होते. वस्तुतः प्रमाण मराठीत ही रचना नियमित असून ‘तू भाकरी खाल्ली’ हेच रूप लेखनात अपुरे वाटते. कोकणातील काही बोलींत तर तृतीय पुरुषीही असा प्रत्यय लागतो : ‘त्याने आंबा खाल्लान’, ‘तिने भाकरी केलीन’. शाळेत अशी रूपे अशुद्ध ठरविली जातात. परंतु त्यांतील ‘न’ आणि प्रमाण भाषेतील ‘स’ यांचे कार्य एकच आहे.