छोट्या 'पी'चा पत्ता

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की जाणता शेतकरी आधी सामू बघतो. नत्र, स्फुरद, पालाश त्यानंतर. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर नजर पुढच्या रकान्याकडे सरकते. साडेआठच्या वर गेला असला तर 'जमीन चोपण झाली का काय' ही शंका येते आणि जिप्समच्या भावाची चौकशी सुरू होते. याच सामूच्या शेजारी बऱ्याच अहवालांत दोन रोमन अक्षरंही छापलेली असतात: लहान लिपीतला पी आणि मोठ्या लिपीतला एच. एच हायड्रोजनचा, त्याबद्दल दुमत नाही. पी कशाचा, यावर मात्र शंभर वर्षं उलटून गेली तरी एकमत झालेलं नाही.

ही अक्षरं जन्मली ती बिअरच्या कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कंपनीचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी 1875 मध्ये ती उभारली. यीस्टचं शुद्ध वाण वेगळं काढण्याचं काम तिथलं, अन्नातला नत्र मोजण्याची केल्डाल पद्धतही तिथलीच. 1901 मध्ये केल्डाल यांच्या जागी सोरेन सोरेनसेन रसायन विभागाचे प्रमुख झाले. त्यांचा विषय होता विकरं, म्हणजे एन्झाइम्स. विकरांचं काम आम्लतेवर अवलंबून असतं हे माहीत होतं. अडचण होती ती आम्लता मोजायची कशी, ही.

तेव्हाची रीत अनुमापनाची होती. द्रावणात थेंबथेंब अल्क घालत जायचं आणि आम्ल संपायला किती लागलं ते मोजायचं. पण सारख्याच तीव्रतेचं व्हिनेगरमधलं आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं, तर दोन्हींना अल्क तेवढंच लागतं. जिभेला, धातूला आणि विकराला मात्र दोन्ही अगदी वेगळी वाटतात. व्हिनेगरमधले बहुतेक हायड्रोजन रेणूला चिकटून राहतात आणि मोजकेच आयन मोकळे फिरतात. हायड्रोक्लोरिकमधले जवळजवळ सगळेच मोकळे असतात. विकराला फरक पडतो तो या मोकळ्या आयनांनी.

ते मोजता येत होते, पण लिहिताना पंचाईत व्हायची. शुद्ध पाण्यात लिटरमागे 0.0000001 ग्रॅम-आयन, लिंबाच्या रसात साधारण 0.01. शून्यं मोजता मोजता चूक ठरलेली. 1909 मध्ये सोरेनसेन यांनी सुचवलं की हा आकडा दहाच्या ऋण घातात मांडायचा आणि फक्त घातांक लिहायचा, तोही ऋणचिन्ह टाकून. पाणी 7, लिंबू 2. एक पायरी म्हणजे दहा पट. चिन्ह टाकल्यामुळे आम्लता वाढली की आकडा घटतो, आणि या उलट्या चालीने शाळेतली मुलं आजही अडखळतात. दुसरी फसगत मोठ्यांची होते: सामू 8 वरून 9 वर गेला तर 'एकानेच वाढला' असं वाटतं.

त्या लेखात सोरेनसेन यांनी पी हे अक्षर का घेतलं, याचा खुलासा केला नाही. हा लेख जर्मन, फ्रेंच आणि डॅनिश अशा तीन भाषांत निघाला, आणि इथेच गंमत आहे. गणितातल्या 'घात' या संज्ञेला जर्मनमध्ये पोटेन्झ, फ्रेंचमध्ये प्युइसांस, डॅनिशमध्ये पोटेन्स म्हणतात. तिन्ही शब्द पी-चेच. इंग्रजीतला पॉवरही पी-चा. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या भाषेतला शब्द त्या अक्षराला जोडला आणि तोच मूळचा मानला. लॅटिनच्या भक्तांनी पोंडुस हायड्रोजेनी, म्हणजे हायड्रोजनचं वजन, असंही नाव चिकटवलं. कोणी विद्युत विभवाचा, पोटेन्शियलचा पी म्हणतो.

2000 मध्ये येन्स न्योर्बी यांनी या प्रश्नावर एक छोटा लेख लिहिला आणि मूळ मजकूर पुन्हा वाचून दाखवला. सोरेनसेन यांनी त्याच लेखात पी-च्या जोडीने क्यू हे अक्षरही तशाच प्रकारे वापरलं आहे. म्हणजे बीजगणितात आपण क्ष आणि य घेतो तशी ही शेजारशेजारची दोन अक्षरं असावीत, एक तपासायच्या द्रावणाचं आणि दुसरं तुलनेच्या. मला हेच पटतं. सोरेनसेन या राशीला 'हायड्रोजन आयनांचा घातांक' म्हणत होते. घातांकाला जर्मनमध्ये एक्स्पोनेंट म्हणतात आणि त्यात पी सुरुवातीला येत नाही. आद्याक्षरच घ्यायचं असतं तर ते ई झालं असतं.

आधी यातला एच पी-च्या पायाशी बारीक टाइपात बसवायचे. जुळाऱ्याचा जीव त्यात जायचा. अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञ विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क यांनी 1920 च्या आपल्या पुस्तकात छपाईची सोय म्हणून दोन्ही अक्षरं एका ओळीत आणली, आणि तेच रूप जगभर टिकलं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने आपल्याकडे ते 'पीएच' होतं आणि पुढे 'डी' लागलं की पदवी होते.

बाकीच्या रासायनिक संक्षेपांचं नशीब असं नाही. डीएनए घ्या. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक त्याला एडीएन म्हणतात, कारण त्यांच्यात 'आम्ल' हा शब्द आधी येतो. जर्मनमध्ये आम्लाला झॉयरे म्हणतात म्हणून तिथे डीएनएस, अलीकडे मात्र डीएनएही रुळलं आहे. रशियनमध्ये दे-एन-का. प्रत्येक भाषेने अक्षरं बदलली. सोरेनसेन यांच्या जोडीला कोणी हात लावला नाही. बदलला तो उच्चार. जर्मन 'पे-हा' म्हणतो, फ्रेंच 'पे-आश', स्पॅनिश 'पे-आचे'. रशियनही 'पे-आश'च म्हणतो, कारण रसायनशास्त्रातला एच तिथे फ्रेंच नावाने वाचतात. पाण्याचं सूत्रसुद्धा 'आश-द्वा-ओ'. जपानने मेजी काळात वैद्यक आणि रसायन जर्मनांकडून घेतलं, म्हणून तिथली जुनी पिढी 'पे-हा' म्हणते आणि शाळेतली पोरं इंग्रजी वळणाने 'पी-एइची'.

मराठीने मात्र अक्षरं बाजूला ठेवून सामू हा सुटसुटीत शब्द घेतला आणि तो पाठ्यपुस्तकापुरता न राहता बांधावर पोचला, हे मला विशेष वाटतं. परिभाषेतले किती शब्द कोशातच निजलेले असतात! द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू बघतो, ठिबकवाला विहिरीच्या पाण्याचा. प्रयोगशाळेत वीस ग्रॅम माती पन्नास मिलिलिटर पाण्यात ढवळतात. यंत्र आधी ज्ञात सामूच्या द्रावणांत बुडवून जुळवून घेतात आणि मग काचेच्या टोकाची कांडी गढूळ पाण्यात धरतात. या यंत्राचा एक मोठा टप्पा लिंबाशीच जोडलेला आहे: 1934 मध्ये कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी निर्वात नळ्यांचा वर्धक जोडून आपलं मापक बनवलं. रसात टिकवणुकीसाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लिटमसचा रंगच उडवून टाकत होता.

कोकणातली जांभी माती आम्लधर्मी. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आकडा सहज आठला टेकतो, आणि लोणारच्या सरोवरात दहाच्या आसपास जातो. घरातही एक मापक असतंच. सदऱ्यावर पडलेल्या वरणाच्या पिवळ्या डागावर साबण घासला की तो लालभडक होतो. हळद अल्कात रंग बदलते. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्यांना हे सोरेनसेन यांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

दवाखान्यात ही अक्षरं दिसतात ती अतिदक्षता विभागातल्या रक्तवायू तपासणीच्या कागदावर. निरोगी रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. त्याच्याच खाली कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचे रकाने असतात, त्यांच्याही आधी लहान पी. तो पी अगदीच निराळा: प्रेशरचा, आंशिक दाबाचा. तिन्ही पी एका रांगेत असतात आणि कामावरचे डॉक्टर आकडे वाचून पुढच्या खाटेकडे वळतात.