पाण्याकाठची वाट कोणाची?

पुणतांब्याला गोदावरीत उतरायचं तर कोणाला विचारावं लागत नाही. अहिल्याबाई होळकरांनी इथे बांधलेला घाट चांगदेवांच्या समाधीला आलेल्या भाविकाचा तितकाच, जितका गावकऱ्याचा. जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचंच नाव आहे. समुद्र आमच्यापासून लांब. तरी किनाऱ्यावरच्या आलिशान हॉटेलांबद्दल वाचताना मी माप लावतो ते या घाटाचंच. पाण्याकाठी बांधणाऱ्याने पाण्याची वाट कोणासाठी ठेवली?

गोव्यात १६१२ च्या आग्वाद किल्ल्याला लागून १९७४ मध्ये ताजचं हॉटेल उभं राहिलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे विश्रांतीसाठी गोव्यात आले आणि हा किनारा जगाच्या नजरेत भरला.

त्याच सुमारास दोना पावलाजवळ, वायंगिणी किनाऱ्यावर, फोमेंतो समूहाचं ‘सिदाद द गोवा’ झालं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, मूळ गोव्याच्याच घराण्यातले. केरळात कोवळमला त्यांनी टेकडीच्या उतारावर हॉटेल बसवलं होतं; इथे त्यांनी एक छोटं शहरच मांडलं. भिंतींवर खिडक्या, सज्जे, माणसं रंगवलेली. खरं दार कुठलं नि चितारलेलं कुठलं, हे जवळ गेल्याशिवाय कळू नये, अशी किमया. ही कामगिरी मोठीच आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त खुपतं.

या हॉटेलसाठी सरकारने भूसंपादन कायद्याखाली जमीन घेऊन दिली होती. लोकांना किनाऱ्यावर जायची वाट मोकळी राहील, अशी अट १९८३ च्या करारात होती. पुढे हॉटेलचं वाढीव बांधकाम त्या वाटेच्या आड आलं. रहिवासी आणि गोवा फाउंडेशन कोर्टात गेले. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडायला सांगितलं. किनारा जनतेचा, सरकार त्याचं केवळ विश्वस्त, ही भूमिका निकालात स्वच्छ आहे. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचवलं. २०१६ मध्ये ती दुरुस्ती न्यायालयात वैध ठरली. कायद्याने ती टिकली; मला ती आजही पटत नाही. वाटेची अट घालणारं सरकारच वाट अडवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहिलं, तर गावाने दाद कोणाकडे मागायची?

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत दोन किनारी हॉटेलांच्या मध्ये लोकांसाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सांगितली होती. आता सिंधुदुर्गात, शिरोडा-वेळागरच्या बाजूला, मोठ्या हॉटेलांची चर्चा आहे. तिथल्या रापणकार मच्छीमारांना किनाऱ्यावरून जाळं ओढायला आणि होड्या वर घ्यायला वाळू लागते. नुसत्या पायवाटेने त्यांचं भागत नाही. म्हणून मंजुरीचा नकाशा आधी ग्रामपंचायतीत लागावा, त्यात ती २० मीटरची वाट रंगवून दाखवावी आणि रापणीची जागा मोजून लिहावी.