मोटारीचे एवढेसे दार!

मोटारीला दारे किती, असे कोणी विचारले तर आपण चटकन चार म्हणतो; फार तर मागची डिकी धरून पाच. पण आणखी एक दार असते. मागच्या चाकाच्या वरच्या अंगाला, तळहाताएवढे, मोटारीच्याच रंगात रंगवलेले. त्याच्याआड पेट्रोलच्या टाकीचे बूच असते. हे बिचारे वर्षानुवर्षे विनातक्रार उघडते आणि मिटते, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग एके दिवशी पंपावर, मागे चार गाड्या खोळंबलेल्या असताना, ते उघडेनासे होते. आतून साहेब कळ ओढतात, बाहेरून पंपावरचा मुलगा ओरडतो, "साहेब, नाही उघडलं!" साहेब पुन्हा ओढतात. मागून भोंगे सुरू होतात. अशा वेळी मनुष्य दोनच गोष्टी करतो, एक तर जोर लावतो, नाही तर रागावतो. दोन्ही महागात पडतात.

या एवढ्याशा दाराची हकिकत सांगायला सातपाटीसारखे दुसरे ठिकाण नाही. पालघर स्टेशनापासून शिरगाववरून आठ-दहा किलोमीटर गेले की हे मच्छीमारांचे गाव लागते. सातपाटीचे पापलेट आपल्या वाचकांना, निदान आपल्या वाचकांच्या जिभेला, ठाऊक आहेच. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने याच रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. सुटी लागली की मुंबई-ठाण्याची मंडळी मोटारी काढून इकडे येतात. शिरगावचा किल्ला पाहतात, केळव्याच्या किनाऱ्यावर मुलांना खेळवतात आणि परतताना बर्फात घातलेली मासळी डिकीत ठेवतात. मासळीबरोबर आणखी एक जिन्नस न मागता घरी येतो. तो म्हणजे समुद्राचे मीठ.

खाऱ्या वाऱ्याची करणी

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि जिथे बसतात तिथे मिठाचा डोळ्यांना न दिसणारा थर ठेवून जातात. मिठाचा स्वभाव गृहिणींना सांगायला नको. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, ते हवेतली ओल ओढून घेते म्हणून. हवेतली आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की हा थर स्वतःच ओला होतो आणि रात्रभर ओलाच राहतो. लोखंडाला गंजायला याहून अधिक काय हवे? बोईसर-तारापूरसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात धुरातला गंधकाचा वायू या ओलीशी मिळाला, की त्याचे आम्ल होऊन गंजाला आणखी हातभार लागतो.

मोटारीचा वरचा पत्रा रंगाखाली सुरक्षित असतो. गंज धरतो तो आडोशाच्या जागी, जिथे फडके पोचत नाही आणि ऊन लागत नाही. पेट्रोलचे दार ही नेमकी तशी जागा. एवढीशी बिजागरी, एवढीशी स्प्रिंग, एवढासा खटका, आणि खाली पाणी निघून जायला एक बारीक भोक. त्या भोकात माती बसली की मिठाचे पाणी आतच साचते.

दाराच्या पोटात काय असते?

कित्येक जुन्या मोटारींत टाकीचे बूच किल्लीने उघडून हाताने काढावे लागे. पुढे पेट्रोलची चोरी टळावी आणि चालकाला बसल्या जागेवरून दार उघडता यावे, म्हणून आतून ओढायची कळ आली. ही कळ बहुधा चालकाच्या आसनाशेजारी जमिनीलगत असते. तिच्यापासून नळीत घातलेली एक पोलादी तार गालिच्याखालून थेट मागे जाते. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही तार. अर्नेस्ट मनिंग्टन बाउडन या गृहस्थाने इंग्लंडात १८९६ साली तिचे पेटंट घेतले. कळ ओढली की तार खटका मागे घेते आणि एक छोटी स्प्रिंग दाराला बाहेर ढकलते. म्हणजे कामे दोन आहेत: तारेने सोडायचे आणि स्प्रिंगने ढकलायचे. हे एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धी दुरुस्ती झाली म्हणून समजा.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत कळच नसते. दार बोटाने दाबायचे आणि सोडायचे, की ते बाहेर येते. तिथे खटक्याला अडवून धरणारी विजेची एक खीळ असते व ती इतर दारांच्या कुलुपाबरोबर चालते. साहजिकच गाडी कुलूपबंद असेल तर कितीही दाबा, दार उघडणार नाही. अडले असे वाटणारे दार कधी कधी नुसते कुलूप लावलेले असते.

आधी ऐका, मग हात लावा

दार उघडले नाही की इंजिन बंद करा, पंप सोडून गाडी बाजूला घ्या, आणि घरच्या मंडळींपैकी एकाला दाराजवळ उभे करा. आता कळ सावकाश ओढा. बाहेरच्याने फक्त ऐकायचे आणि आतल्याने हाताला काय जाणवते ते पाहायचे.

"खट्" असा आवाज आला आणि दार जागचे हलले नाही, तर तार आणि खटका दोघेही निर्दोष आहेत. गुन्हेगार स्प्रिंग किंवा बिजागरी. अशा वेळी "अहो, तुम्ही कळ ओढून धरा, मी बघते," असे म्हणून घरच्या बाईंनी दार तळव्याने हलकेच आत दाबून सोडावे. तेवढ्यानेही पुष्कळदा ते मोकळे होते. नाहीच झाले, तर बिजागरीच्या समोरच्या कडेत प्लास्टिकचे जुने कार्ड पातळ फडक्यात गुंडाळून सरकवावे व अलगद उचलावे. कळ मात्र तोवर ओढलेलीच हवी. हे दोघांचे काम आहे, एकट्याने करू जाऊ नये.

कळ अगदी घट्ट, ओढली जातच नाही, असे असेल तर खटक्यावर दाराचा ताण आला आहे किंवा तार नळीत गंजली आहे. बाहेरून दार दाबून धरा आणि मग कळ हळूहळू ओढा. हिसका देऊ नका. कळ बहुधा प्लास्टिकची असते, तार पोलादाची. भांडणात कोण मोडणार हे उघड आहे.

कळ अगदी सैल, काही ओढतोय असे वाटतच नाही, आवाजही नाही, तर तार सुटली किंवा तुटली. इथे कळीशी झोंबण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूने जायला हवे.

आणि दाबून उघडणारे दार असेल, तर किल्लीच्या बटणाने सारी कुलपे दोन-तीनदा लावा, उघडा आणि दाराजवळ कान द्या. बारीक "टक्" ऐकू आले तर खीळ चालते आहे. दार नुसते कचऱ्याने अडले असेल. काहीच ऐकू आले नाही तर फ्यूज गेला असेल, बॅटरी उतरली असेल किंवा खीळच बिघडली असेल.

डिकीतली दोरी

मागच्या बाजूने म्हणजे डिकीतून. अनेक गाड्यांत दार ज्या अंगाला आहे, त्याच अंगाला डिकीच्या अस्तरामागे एक लहानशी दोरी किंवा कडी ठेवलेली असते. ती सरळ आणि बेताने ओढली की खटका सुटतो. ती सगळ्याच गाड्यांत असते असे नाही; आपल्या गाडीत आहे की नाही हे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक आपण दिवाळी अंकाइतक्या आवडीने वाचत नाही, हे खरे! दोरी नसली तरी अस्तर बाजूला केल्यावर तारेचे टोक दिसत असेल, तर ते पकडीने धरून ओढता येते.

दार कोणत्या अंगाला हेच आठवत नसेल, तर पेट्रोलच्या काट्याशेजारी पाहा. तिथल्या पंपाच्या चित्राला बहुधा एक चिमुकला बाण असतो. फोर्ड कंपनीतले जिम मॉयलन हे १८८६ नव्हे, अगदी परवाच्या १९८६ साली पंपावर चुकीच्या बाजूला गाडी लावून पावसात भिजले आणि त्यांनी ही सूचना वरिष्ठांना लिहून पाठवली. तोच हा बाण.

हे मात्र करू नका

पेचकस घालून दार उचकटू नका. दाराचा पत्रा पातळ असतो. तो वाकला की पुन्हा नीट बसत नाही, रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि पुढच्या वेळी दार अधिकच अडते. एक तार बदलण्याच्या खर्चाऐवजी पत्रा, रंग आणि तार असा तिहेरी खर्च होतो. हातोडीने ठोकू नका. आणि उजेडासाठी काडी ओढू नका. टाकीच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ असते.

काटा शून्यावर जाईपर्यंत दामटूही नका. आजच्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलानेच तो थंड राहतो. टाकी कोरडी पडली की त्याला इजा पोचते. गाडी सीएनजीवरही चालत असेल आणि त्या टाकीत वायू उरला असेल, तर बटण दाबून घर किंवा गॅरेज गाठावे. दार उघडले पण बंद राहत नाही, अशी उलट तऱ्हा झाली, तर आतले बूच घट्ट लावून गाडी नेण्यास हरकत नाही.

निगा

सातपाटीचे मच्छीमार पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि त्या दिवसांत रंगरंगोटी व इंजिनाची डागडुजी उरकतात. समुद्रात यंत्र अडले तर हाक मारायला शेजारी नसतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण मोटारवाले मात्र अडेपर्यंत थांबतो.

समुद्रावरून आलात की दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवा आणि हे दार उघडून त्याच्या खोबणीतही पाणी सोडा. टाकीचे बूच तेवढे घट्ट बंद असू द्या. ओल्या वाळूवर गाडी घातली असेल तर हे अधिकच अगत्याचे. पाणी जायचे भोक प्लास्टिकच्या काडीने मोकळे करा. कोरडे झाल्यावर बिजागरीला, स्प्रिंगला आणि खटक्याला सिलिकॉनच्या फवाऱ्याचा एक झोत द्या व वरचे पुसून घ्या. स्वयंपाकघरातले गोडेतेल घालू नका. ते चिकट होते आणि धूळ धरते. महिन्यातून एकदा, पाच मिनिटांचे हे काम आहे.

हे सारे एका दाराकरिता कशाला, असे वाटेल. पण सातपाटी काय किंवा आपली वस्ती काय, ज्याच्या दारात मोटार आहे त्याच्याकडे रात्री-अपरात्री शेजारी येतात. आजारी मुलाला पालघरच्या दवाखान्यात न्यायचे असते, कोणाला गाडीवर सोडायचे असते. त्या वेळी टाकीत पेट्रोल नसणे आणि पंपावर दार न उघडणे, दोन्ही सारखेच. तेव्हा यंदा दिवाळीच्या सुटीत बाहेर पडण्याआधी, टाकी अर्धी भरलेली असतानाच, अंगणात उभे राहून हे दार दोनदा उघडा आणि मिटा. आवाज नीट आला तर खुशाल निघा. नाही आला, तर गॅरेज सुटीत बंद होण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्या.