पियानो मोडीत काढताना

१९०९ साली अमेरिकेत एका वर्षात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पुढे ग्रामोफोन आणि रेडिओ घरोघर पोहोचले, मंदी आली आणि दिवाणखान्यातले पियानोचे स्थान गेले. त्या काळातले कित्येक उभे पियानो आज कचरा डेपोत जातात. खुंट्या ढिल्या झाल्या की तारा सुरात राहत नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त होतो. पण वाद्य निकामी झाले म्हणून त्यातला मालही निकामी झाला, असे समजणे चूक आहे.

पियानोचा ध्वनिफलक स्प्रूस लाकडाच्या अरुंद फळ्या कडेला कड चिकटवून केलेला असतो. रेषा सरळ आणि दाट असलेले, वजनाला हलके पण ताठ लाकूडच त्यासाठी निवडत. गिटारच्या दर्शनी पाटालाही तेच लागते. फलकाची जाडी आठ-नऊ मिलिमीटर असते, गिटारला तीनसुद्धा पुरतात. त्यामुळे रंधायला भरपूर वाव मिळतो. व्हायोलिनचा फुगीर पाट कोरायला मात्र ही जाडी अपुरी पडते. जुन्या पियानोंतले जोड बहुधा सरसाचे असतात, म्हणून ऊब आणि ओलावा दिला की फळ्या सुट्या होतात. चांगल्या पियानोतल्या काळ्या पट्ट्या आबनुसाच्या असतात; त्यांतून छोटे नक्षीकाम होते.

असा माल काढण्यासाठी पियानो सुटा करण्यावर पहिला आक्षेप असा की, वाद्य फोडण्यापेक्षा दुरुस्त करावे. वाजू शकणाऱ्या पियानोबाबत तो पूर्ण मान्य आहे. आधी जाणकाराला दाखवावे, मगच हत्यार उचलावे. दुसरा आक्षेप मेहनतीचा. फलकाला भेगा असतात, अरुंद फळ्या पुन्हा जोडाव्या लागतात, हेही खरे. पण उकुलेलेसारख्या लहान वाद्याला भेगांमधले चांगले तुकडे पुरतात. धोका मात्र खरा आहे: सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांपर्यंत जातो, म्हणून तारा कापायच्या नाहीत, सगळीकडून थोड्या थोड्या सैल करायच्या. पट्ट्यांमधल्या शिशाच्या वजनांवर करवत चालवू नये. जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवरचे हस्तिदंताचे पापुद्रे विकण्यावर अमेरिकेत कडक निर्बंध आहेत, भारतात तर हा व्यापारच बेकायदा आहे. ही पथ्ये पाळूनही हाती येते ते लाकूड उत्तम असते, आणि त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. म्हणून वाजण्यापलीकडे गेलेला पियानो डेपोत धाडण्याआधी वाद्यकारागिराला विचारणे हेच शहाणपणाचे आहे.